धूर सोडा, माणूस नको



मागच्या बैठकीत आपल्याच एका कवीमित्राने मला हसत हसत सुनावलं. म्हणाला, तू गटाराच्या टेस्टिंगवर लिहिणार म्हणे! आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या गटारातून बाहेर पडायची भाषा करतोय आणि तू परत झाकण उघडून आत वाकतोयस. सगळे हसले. मीही हसलो. घरी येईस्तोवर मात्र डोकं तापलं. गटारावर कविता लिहिली की विद्रोह, आणि गटाराची नळी कुठं फुटली ते विचारलं की म्युनिसिपालटीची कारकुनी? हे कुणी ठरवलं? म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पान उलटावं, पुढं कविता आहेत.

आधी माझा हिशेब सांगतो. माझा बा एका नगरपालिकेत ड्रेनेजला होता. गावाचं नाव लिहीत नाही. त्याच्या काळात लाइनीची टेस्ट म्हणजे बा स्वतः. झाकण काढायचं, थोडा वेळ वास जाऊ द्यायचा, पेटता कागद आत टाकायचा. विझला तर हवा नाही, जळत राहिला तर उतर. आत मिथेन असता तर त्या कागदानेच भडका उडाला असता, हे मला फार नंतर पुस्तकात वाचून कळलं. बाला कुणी सांगितलं नव्हतं. कमरेला दोर बांधून तो उतरायचा आणि खालून ओरडायचा, 'हितं सांधा सुटलाय, माती येतीया. हितं पाणी लई येतंय, निवळ पाणी हाय, मैल्याचं न्हाई.' वर छत्री धरून उभा असलेला साहेब वहीत लिहून घ्यायचा. वहीत जायचं, 'समक्ष पाहणी केली.' समक्ष कोण होतं? साहेबाचे बूट चेंबरच्या काठापासून चार हात लांब असायचे.

निवळ पाणी हाय, मैल्याचं न्हाई. बाचं हे वाक्य म्हणजे अख्खं शास्त्र आहे. त्याला इंजिनियरची भाषा येत नव्हती एवढंच.

मग आमच्या मावशीचा थोरला. तोवर १९९३ चा कायदा होऊन गेला होता. वस्तीच्या वरच्या अंगाला एक नवी सोसायटी उभी राहिली. त्या वर्षापासून पहिल्याच जोराच्या पावसात आमच्या गल्लीतली चेंबरची झाकणं उचलायला लागली. काळं पाणी चुलीपर्यंत. तीन पावसाळे असे गेले. चौथ्या वर्षी मे महिन्यात लाइन पार चोकअप झाली, म्हणून कंत्राटदाराने दोघांना उतरवलं. आमचा भाऊ पुढं. तो खाली बसला तो उठलाच नाही. मागचा त्याला ओढायला गेला, त्याला लोकांनी वर काढला, तो वाचला. पंचनाम्यात आलं, पाय घसरून पडला. कंत्राटदाराने मावशीच्या हातात काही नोटा ठेवल्या आणि अंगठा घेतला.

सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी रस्ता खणला तेव्हा आमच्या डोळ्यांनी पाहिलं. सांधा हात जाईल एवढा उघडा पडलेला. त्यातून वर्षानुवर्षं माती आत वाहून आलेली. आणि त्याच्या वरच्या बाजूला सोसायटीच्या गच्चीचे पावसाचे पाइप सरळ मैल्याच्या लाइनीत जोडलेले. म्हणजे गच्चीवर पाऊस पडला की तो सगळा आमच्या गल्लीच्या नळीत. नळी आठ-नऊ इंचाची. ती काय करील? फुगील, झाकण उडवील, सांध्यातून माती आत ओढील आणि एक दिवस बुजून बसेल. मग माणूस लागेल.

हे हुडकायला रंगाची एक पुडी पुरली असती. गच्चीच्या पाइपात रंगीत पाणी ओतायचं आणि खालच्या चेंबरमध्ये रंग दिसतो का ते रस्त्यावर उभं राहून बघायचं. दिसला की चोर सापडला. एक पुडी, दोन बादल्या पाणी, अर्धा तास. आमचा भाऊ त्या अर्ध्या तासापायी गेला.

आता जरा नीट बसून हे समजून घ्या, कारण आपली पोरं 'यंत्र आणा, यंत्र आणा' म्हणून घोषणा देतात, पण कोणतं यंत्र, कशासाठी, हे विचारलं की गप्प होतात.

मुंबईसारख्या शहरात दोन वेगळ्या नळ्या असतात. एक मैलापाण्याची, दुसरी पावसाच्या पाण्याची. मैल्याची नळी माणसांच्या हिशेबाने केलेली, म्हणून लहान. पावसाची आभाळाच्या हिशेबाने केलेली, म्हणून मोठी, आणि तीही पुरत नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या मापाची होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी काय झालं ते शहाण्यांनी टीव्हीवर पाहिलं, आपण छातीभर पाण्यात उभं राहून पाहिलं.

पण कागदावर दोन असलेल्या नळ्या जमिनीखाली एकमेकींत घुसलेल्या असतात. पावसाचं पाणी मैल्याच्या नळीत दोन वाटांनी येतं. एक, उघड्या सांध्यातून, तडकलेल्या विटेतून, झाडाच्या मुळाने फोडलेल्या पाइपातून जमिनीतलं पाणी हळूहळू झिरपतं. दुसरी वाट म्हणजे कुणीतरी मुद्दाम जोडलेला गच्चीचा पाइप, अंगणातली जाळी, फुटकं झाकण. पहिल्या वाटेला वय कारण आहे, दुसरीला माणसाची हरामखोरी. उलटंही होतं. वस्त्यांना मैल्याची लाइनच दिलेली नसते, मग तिथला मैला पावसाळी गटारात जातो, तिथून नाल्यात, मिठीत, समुद्रात. आणि वर्तमानपत्रात छापून येतं, झोपडपट्टीवाल्यांनी नदी घाण केली! अरे, लाइन दिलीस का?

आणखी एक गोष्ट. फुटकी नळी नुसतं पाणी आत घेत नाही, भोवतीची जमीन कोरडी असली की मैला बाहेरही सोडते. शेजारून पिण्याच्या पाण्याची नळी जात असते. आपल्या वस्तीत पाणी दिवसाकाठी तास-दोन तास. बाकीचा वेळ ती नळी रिकामी, आणि रिकामी नळी आपल्या भेगेतून बाहेरचं ओढून घेते. नळाला पहिलं पाणी काळपट येतं ते सोडून द्यायचं आणि मग हंडा लावायचा, ही सवय किती घरांत आहे, हात वर करा. मग पोराला कावीळ झाली की आई झाडपाला आणते आणि डॉक्टर म्हणतो, पाणी उकळून प्या. रॉकेल तुझा बाप देणार होता का?

हे सगळं माणूस न उतरवता कळतं. चांद्रयानाची भाषा नको, साध्या गोष्टी आहेत.

धुराची टेस्ट बघा. दोन चेंबरच्या मधला तुकडा दोन्ही बाजूंनी वाळूच्या पोत्यांनी किंवा रबरी फुग्याने अडवायचा. चेंबरच्या तोंडावर पंखा बसवायचा आणि बिनविषारी पांढरा धूर आत ढकलायचा. धूर खोटं बोलत नाही. घराच्या व्हेंट पाइपातून निघाला तर ठीक, तिथून निघायलाच हवा. रस्त्याच्या भेगेतून निघाला तर खाली नळी फुटलीय. पावसाळी जाळीतून निघाला तर दोन नळ्या एकमेकींत घुसल्यात. आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या पावसाच्या पाइपातून निघाला, तर चेअरमनसाहेबांना खाली बोलवा. ही टेस्ट कोरड्या दिवसांत करायची, कारण भेग पाण्याने भरलेली असली की धूर बाहेर पडत नाही. लाइन कुठं खचून पाणी साचलं असेल तिथंही धूर अडतो. म्हणून ती एकटी पुरत नाही, तिच्या जोडीला रंग लागतो, आणि चाकांवर चालणारा कॅमेरा. चौथी गोष्ट म्हणजे नुसतं मोजणं. रात्री दोन-तीनला शहर झोपलेलं असतं, तेव्हाही नळी भरून वाहत असेल तर ते पाणी कुणाचं? आणि पावसाच्या दिवशी तीच नळी कोरड्या दिवसाच्या कितीपट वाहते, हा आकडा काढला की फुटकं कुठं ते टप्प्याटप्प्याने शोधत जाता येतं.

नवी लाइन टाकली की माती लोटण्याआधी दोन्ही तोंडं बंद करून हवा भरायची आणि दाब किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघायचं, किंवा पाणी भरून पातळी किती उतरते ते मोजायचं. हे नियमात आहे, टेंडरात आहे. होतं का? मी विचारलं त्या प्रत्येक मुकादमाने डोळे मिचकावले. टेस्ट कागदावर होते, बिल पास होतं, माती लोटली जाते. आणि त्या मातीखाली आपल्या कुणाच्या तरी पोराचं मरण पुरून ठेवलं जातं, दहा वर्षांनी वर यायला.

ही विद्या काल आलेली नाही. इंग्लंडात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरांच्या मोऱ्या तपासताना पेपरमिंटचं तेल गरम पाण्याबरोबर वरून ओतत आणि घरात कुठं वास येतो ते दुसरा माणूस हुंगत फिरे. वास आला तिथं गळती. तिथल्या साहेबाने पेपरमिंट हुंगला. आमच्या साहेबाने आमच्या बाचं नाक वापरलं. अमेरिकेने १९७२ साली पाण्याच्या प्रदूषणाच्या कायद्यात कलम घातलं, की शहराला मैलापाण्याच्या कामासाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर आधी आपल्या नळ्यांत बाहेरचं पाणी बेसुमार घुसत नाही हे दाखवा. त्याच साली इकडे मुंबईत पँथर जन्माला आली. त्यांच्या नळ्यांत धूर चालला होता, आमच्या वस्त्यांतून धूर निघत होता.

आता कायद्याकडे या. १९९३ ला एक झाला, २०१३ ला दुसरा. दुसरा अमलात आला ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख बघा! आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे होतो. त्या कायद्याचं कलम ७ म्हणतं, गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोक्याच्या सफाईसाठी कुणाला उतरवायचं नाही. उतरवलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाळ्या. आता या कायद्यातच धूर सोडून बघू, कुठून निघतो ते. 'धोक्याची सफाई' म्हणजे काय? तर मालकाने संरक्षणाची साधनं न देता हाताने करायला लावलेली सफाई. म्हणजे हातमोजे दिले, मास्क दिला, कागदावर सही घेतली की धोका संपला. पुढं २०१३ चे नियम वाचा. मोडकं झाकण काढायला उतरवता येतं. ३०० मिलिमीटरहून मोठी नवी लाइन जुनीला जोडायची असेल तर उतरवता येतं. बुडालेला पंप काढायला उतरवता येतं. चेंबर बांधायला, लाइन दुरुस्त करायला उतरवता येतं. आणि शेवटी, अगदीच गरज पडली तर मुख्याधिकाऱ्याने लेखी कारण देऊन परवानगी दिली की कशालाही उतरवता येतं. पाच भोकं, आणि पाचवं असं की त्यातून हत्ती जाईल.

नीट बघा, यातली बरीच भोकं नळी फुटकी असण्यातूनच येतात. लाइन वेळच्या वेळी तपासली तर दुरुस्ती लहान राहते, वरून होते, गाळ साचत नाही, 'अगदीच गरज' पडत नाही. न तपासणं हे गरज तयार करण्याचं तंत्र आहे. ते आळसाने चालतं की हिशेबाने, याच्याशी मला देणंघेणं नाही. मरणारा तोच आहे.

सरकारनेच संसदेत सांगितलं, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली. हे त्यांनी मोजलेले. 'पाय घसरून पडला' वाले वेगळे. २०२४ मध्ये केंद्राच्याच नमस्ते योजनेत अडतीस हजारांवर गटार कामगारांची नोंद झाली, त्यात शेकडा ६९ अनुसूचित जातींचे. आदिवासी आणि इतर मागास धरले तर ९२. बाकी आठ. आणि तरी आपल्याला सांगतात, आता जात कुठं राहिलीय! सुप्रीम कोर्टाने २०१४ ला मेलेल्याच्या घराला दहा लाख द्या म्हटलं, २०२३ च्या ऑक्टोबरात तीस लाख म्हटलं. २९ जानेवारी २०२५ ला मुंबईसह सहा महानगरांत माणूस उतरवणं बंद करा असंही फर्मावलं. कोर्टाचे आभार. पण मरणाचा भाव तिप्पट झाला, टेस्टिंगचं बजेट किती पट झालं, हे कुणी विचारलं? मेल्यावर तीस लाख मिळवून देणारे आपले पुढारी आहेत. मरण्याआधी एक पुडी रंग मागणारा एक दाखवा.

आणि हे बघा. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत धो धो पाऊस झाला, एल्फिन्स्टनला रस्त्यावरचं पाणी उतरावं म्हणून एका मॅनहोलचं झाकण काढलेलं होतं, त्यात एक नामांकित डॉक्टर वाहून गेले. वाईटच झालं, भला माणूस गेला, मी त्यात कमीजास्त बोलणार नाही. पण त्यानंतर काय झालं? गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, शहरातल्या मॅनहोलना झाकणाखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. म्हणजे यांना येतं! मनात आणलं तर झाकणाखालची भोकं मोजता येतात, नंबर घालता येतात, पैसा काढता येतो. वरून पडणाऱ्यासाठी जाळी निघाली. खाली उतरवलेल्यासाठी का निघत नाही?

एका बैठकीत मी एका साहेबाला धुराच्या टेस्टबद्दल विचारलं. म्हणाले, 'अहो, रस्त्यातून धूर निघाला की लोक घाबरतील. उगाच घबराट.' मी म्हटलं, साहेब, आदल्या दिवशी पत्रक वाटा, दवंडी द्या, मोरीत बादलीभर पाणी ओतून ठेवा म्हणजे घरात धूर येणार नाही म्हणून सांगा. ते म्हणाले, गल्ल्या अरुंद आहेत. मी म्हटलं, पंखा दोन माणसं उचलतात. ते म्हणाले, बघू. धूर दिसला की लोक घाबरतात. माणूस चड्डीवर भोकात उतरताना दिसला की नाकाला रुमाल लावून पुढं जातात. ही घबराटीची जात आहे.

थोडं आपल्याविषयी. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

आपल्यातले कितीतरी बौद्ध झालो, शिकलो, आणि आता म्हणतो, आम्ही ते काम सोडलं, ते मेहतरांचं, रुखींचं, मेघवाळांचं. ही वाटणी आपल्याला कुणी शिकवली? मरे ढोर ओढू नका असं बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला सांगितलं, ते फक्त आपल्याच आळीपुरतं नव्हतं. १९३५ ला मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तेव्हा झाडूवाला कोणत्या आळीचा हे त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसरं, लाड-पागे. १९७५ च्या शिफारशी. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला की त्याच्या वारसाला त्याच कामावर घ्यायचं. मला माहीत आहे यावर बोललो की घराघरात भांडण लागेल. आमच्या घरातही माझा धाकटा भाऊ याच वाटेने लागला, त्याच्या पगारावर आईचं औषधपाणी झालं. मी त्या भाकरीला नाव ठेवणार नाही. पण कलेक्टरच्या पोराला कलेक्टरी वारसाने मिळत नाही, आणि आमच्या पोराला झाडू वारसाने मिळतो, याला मनूने काय वेगळं लिहिलं असतं? वारसाला नोकरी द्या. पंखा चालवायची द्या, कॅमेऱ्याची द्या, नकाशा वाचायची द्या. बाला जमिनीखालची लाइन तोंडपाठ होती. त्याच्या पोराला त्या लाइनीचा नकाशा का दाखवत नाहीत?

आणि कवीमित्रा, तू म्हणतोस ही तांत्रिक बाब. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते तेव्हा दामोदर खोऱ्याचं धरण, वीज, नद्यांचं पाणी, हे सगळं त्यांनी अभ्यासलं. चवदार तळ्यावर ज्याला पाणी प्यायला झगडावं लागलं, तो देशाच्या नद्यांचे आकडे घेऊन बसला. त्यांना कुणी म्हणालं नाही, बाबासाहेब, तुम्ही भाषण द्या, हे इंजिनियरवर सोडा. महाडचंच आठव. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. आणि २० मार्च १९२७ ला ओंजळ भरायला चालत जावं लागलं, डोकी फुटली. नगरपालिकेच्या कागदाची टेस्ट अशी असते. चालत जाऊन घ्यावी लागते.

तर काय करायचं? एक, झाकणाला हात लावू नका. हे पोरांनो, दम देऊन सांगतोय. ज्या वायूने आमचा भाऊ गेला तो जोराचा असला की नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गेला वास. वरूनच बघा. पहिल्या पावसात आपल्या गल्लीतली कोणती झाकणं उचलतात, किती वाजता, वहीत लिहा, खडूने खूण करा, फोटो काढा. वरच्या सोसायट्यांचे गच्चीचे पाइप कुठं उतरतात ते फिरून बघा, जाळीत की जमिनीत. नळाला काळं पाणी कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत येतं ते घराघरात विचारा, आयांना सगळं माहीत असतं. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आमच्या गल्लीच्या मैल्याच्या लाइनीचा नकाशा द्या. धुराची, रंगाची, कॅमेऱ्याची तपासणी शेवटची कधी झाली, अहवाल द्या. नवी लाइन टाकली तेव्हाच्या टेस्टचा कागद द्या, बिल पास केलेल्याची सही दाखवा. नियमातल्या पाचव्या भोकातून गेल्या पाच वर्षांत किती लेखी परवानग्या दिल्या, कारणांसकट द्या. परवानगी नसताना माणूस उतरलेला असेल तर तो गुन्हा आहे. परवानगी असेल तर तिच्यावर सही कुणाची ते कळेल.

यंत्राच्या नावाने भुलू नका. २०१८ ला तिरुवनंतपुरमला बँडिकूट नावाचा यंत्रमानव मॅनहोलमध्ये उतरला, चांगलं झालं, आपल्याकडेही गाड्या आल्यात, उद्घाटनाला नारळ फुटतात. पण ते यंत्र गाळ काढतं. गाळ ज्या भेगेतून येतो ती भेग तशीच राहते, आणि ज्या दिवशी यंत्र बंद पडतं त्या दिवशी मुकादम वस्तीकडे बघतो.

आम्ही आमच्या वॉर्डात असा अर्ज टाकला. तीस दिवसांनी उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.' नकाशाही उपलब्ध नाही, टेस्टही उपलब्ध नाही. बिलं तेवढी सगळी पास आहेत. पहिलं अपील टाकलंय. सुनावणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराला. चौघंजण तरी या. कवीमित्रा, तूही ये. येताना वही आण, तिथं साहेब काय बोलतो ते शब्द न शब्द उतरवून घ्यायला एक चांगला हात पाहिजे.